वॉटर इज अबंडंट

इंग्रजीतला 'अबंडंट' हा शब्द मी आयुष्यात एकदाच वापरला, आणि त्या एका वापरात आमच्या गल्लीचा टँकर बंद झाला. शब्दाची चूक नाही. शब्द भला आहे. डिक्शनरीत त्याचा अर्थ सरळ दिलाय: विपुल, मुबलक, उदंड. चूक माझी होती, आणि माझ्यापेक्षा आमच्या आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची होती. आणि अगदी खोदून विचाराल तर मोहरीची होती. आता ह्यात मोहरी कुठून आली ते सांगते, पण क्रमानं सांगू द्या.

माझं माहेर इस्लापूरचं, किनवट तालुक्यातलं. जवळच सहस्रकुंडाचा धबधबा. पावसाळ्यात वारा तिकडून सुटला की अंगणात बसल्या बसल्या त्याचा आवाज यायचा, कुणीतरी लांबवर न थांबता ज्वारी पाखडतंय असा. आमच्याकडं 'पाणी उदंड आहे' म्हणलं की पाणी उदंडच असायचं. उदंड म्हणजे उदंड, नाही म्हणजे नाही. शब्द आपापल्या जागी सुखानं नांदत होते.

लग्न होऊन आले अहमदपूरला. घर शिवभक्तांचं, धंदा किराण्याचा, पुढं दुकान अन् मागं घर. आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी चुलीपाशी आमटी करत होते. आत्याबाई कोठीतून ओरडल्या, "सूनबाई, मीठ उदंड झालंय गं!"

मला वाटलं, वासावरून कळलं ह्यांना. आमटीत मीठ जास्त पडलं. मी घाबरून दोन बटाटे टाकले, तांब्याभर पाणी ओतलं, अन् मीठ तर मी अजून घातलंच नव्हतं हे गडबडीत विसरले, ते घातलंच नाही. जेवायला बसल्यावर मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिला घास घेतला, दुसरा घेतला, अन् एवढंच म्हणाले, "आज आमटी लई शांत हाय."

मग मला नियम कळला. ह्या घरात 'संपलं' म्हणायचं नाही. 'नाही' तर मुळीच नाही. घर ऐकत असतं आणि तथास्तु म्हणतं, असं आत्याबाईंचं मत. पीठ संपलं की पीठ वाढलं. तेल संपलं की तेल वाढलं. मीठ, गूळ, तांदूळ उदंड झाले की समजायचं, डबा उपडा करून ठेवलाय. बांगडी फुटली तर वाढली म्हणतात हे मलाही माहीत होतं, पण ह्यांच्या घरात सगळी कोठीच बांगडीसारखी वाढत होती. दुकानातही तेच. गिऱ्हाईक आलं, "साखर द्या शेठ," की मामंजी म्हणायचे, "साखर वाढली बघा."

"कितीनं वाढली?"

"सगळीच वाढली."

गिऱ्हाईक महागाईला शिव्या देत पुढच्या दुकानात जायचं. तिथं कालच्याच भावात साखर मिळाली की म्हणायचं, अहमदपुरात एवढाच माणूस देवमाणूस आहे.

आता इंग्रजीचं. माझी शाळा चौथीपर्यंतची. एबीसीडी तेवढी थोरल्या भावाच्या पुस्तकावरून शिकले होते. आमच्या दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, त्यात एकदा एक जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी आली. आमचे हे, म्हणजे माझे मालक, गल्ल्यापाशी बसून तिची पानं मागच्या बाजूनं फाडत होते. मागून फाडायला सोपं जातं म्हणे. मी पाहिलं तोवर झेडपासून पीपर्यंतची सगळी अक्षरं मोहरी-जिऱ्यात गेली होती. उरलेली मी हिसकावून घेतली.

रोज दुपारी भांडी झाली की मी एक पान घ्यायची. ए पासून सुरुवात. मधलं सोडून पुढं जाणं मला बरं वाटत नसे, पंगतीत वाढताना कुणाला सोडून पुढं जातो का आपण? त्यामुळं वर्ष-दोन वर्षं माझं सगळं इंग्रजी ए वरच चाललं होतं. हे गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "आमच्या घरात इंग्रजी ओ पर्यंत मिळतं. पुढचं पाहिजे आसंल तर मोहरी घ्या, पुडीवर वाचा."

"तुमचं तर पुडीएवढं पण न्हाई," मी म्हणायची.

आतून आत्याबाई, "न्हाई म्हनू नको गं!"

असं चाललं होतं.

मग आमचा जिल्हा बदलला. उस्मानाबादमधून फुटून लातूर वेगळं झालं. वर्षभर लोकांना सवय होईना, अर्जावर जुन्याच जिल्ह्याचं नाव टाकायचे, मग खोडायचे. हे म्हणायचे, "काही फरक न्हाई. आधी उस्मानाबादला जाऊन 'उद्या या' ऐकायचं, आता लातूरला जाऊन ऐकायचं. तेवढंच जवळ पडतं."

आणि जिल्हा नवा झाला न झाला, पाऊस रुसला. एक साल कसंबसं निघालं. दुसऱ्या सालच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या आडाचा तळ दिसला. बहात्तरला पाणी होतं पण दाणा नव्हता, असं मामंजी सांगायचे. ह्या वेळी पोत्यात ज्वारी होती आणि ती शिजवायला पाणी नव्हतं. मजा बघा, जास्त म्हणायला आमच्याकडं शब्द किती. निजामाच्या काळात उर्दू शिकलेले मामंजी 'मुबलक' म्हणायचे, शेजारीण 'रग्गड' म्हणायची, कुणी 'बक्कळ', कुणी 'लई', कुणी 'मोप'. शब्दांचे रांजण काठोकाठ आणि खरा रांजण कोरडा.

टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि चौकात थांबायचा. आमची गल्ली चौकापासून शेवटची. नळी आमच्यापर्यंत यायची तोवर टँकरच्या पोटात आवाज घुमायला लागलेला असायचा. सगळ्यांचीच ओढाताण होती, पण आमच्या घरात त्यात एक गाठ पडली होती. माझी एकुलती एक नणंद नांदेडला दिलेली, तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. आत्याबाईंनी डिंक, अळीव, खारीक जमवून ठेवलं होतं, बाळंतिणीची बाज नव्या सुतळीनं विणून घेतली होती. बाज रोज सकाळी उन्हात आणि संध्याकाळी आत. तिच्यावर कुणाला बसू द्यायच्या नाहीत, स्वतःच्या नवऱ्यालाही नाही.

अशात नांदेडहून व्याह्यांचं कार्ड आलं. मी वाचून दाखवलं. "आपल्याकडे पाण्याची अडचण असल्याचे ऐकतो. बाळंतपण हे पाण्याचे काम. इकडे गोदावरीच्या कृपेने ठीक आहे. तरी सूनबाईंना इथेच ठेवावे असा विचार आहे. अक्षय्य तृतीयेपर्यंत आपल्याकडे सोय झाल्यास कळवावे, म्हणजे आणून सोडू."

त्या दिवशी आत्याबाई बाज उन्हातून आत आणायचं तेवढं विसरल्या. मी आणली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका आमच्या ओसरीवर जमल्या. अर्ज द्यायचा ठरलं. टँकर गल्लीत आत यावा आणि एक दिवसाआड यावा. कुणीतरी बातमी आणली की लातूरला टँकरचं बघणारा साहेब नवा आहे, तेलुगू मुलखातला. मराठी अर्ज त्याच्यापुढं जायच्या आधी चार हातांतून जातो, इंग्रजी अर्ज तो स्वतः वाचतो. इंग्रजीचे गुरुजी तर सुट्टीत गावाला गेलेले. मग सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"हिला येतं की. रोज दुपारी वाचती."

"मला ओ पर्यंतच येतं," मी म्हणलं.

"पाणी पाहिजे म्हणायला किती लागतं मग?"

मी बसले कागद घेऊन. 'टंचाई' ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत होण्याची सोयही नव्हती, कारण तो शब्द एस मध्ये आणि एस मोहरीत. आत्याबाई माझ्या खांद्यावर वाकून उभ्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण राखण करता येत होती.

"हे बग सूनबाई. पाणी न्हाई आसं लिहू नको. सरकारी कागूद हाय, वर्सानुवर्स ऱ्हातो. गल्लीच्या कपाळी कायमचं न्हाई लागंल. उदंड झालंय म्हन."

आणि मी म्हणलं. तुम्ही म्हणाल, एवढं कसं कळलं नाही? पण बारा वर्षं त्या घरात काढल्यावर उदंड म्हणलं की माझ्या डोळ्यापुढं उपडा डबाच यायचा. इस्लापूरचं उदंड केव्हाच मागं पडलं होतं. आणि 'उदंड' ला इंग्रजीत काय म्हणतात ते तर मला पाठ होतं. ए चं पहिलंच पान, बोटांनी मळून काळं झालेलं. 'रिस्पेक्टेड सर', 'वॉटर', 'वेल' हे ओ च्या पुढचे शब्द थोरल्या भावाच्या पुस्तकातले होते. मी मोठ्या झोकात लिहिलं:

"रिस्पेक्टेड सर, इन अवर लेन वॉटर इज अबंडंट. वेल इज ऑल्सो अबंडंट. बिकॉज ऑफ इट ऑल लेडीज आर इन ग्रेट डिफिकल्टी. काइंडली हेल्प."

थोडक्यात, आमच्या गल्लीत पाणी मुबलक आहे, आडही भरलेला आहे, आणि त्यामुळं सगळ्या बायका फार अडचणीत आहेत. कृपया मदत करा.

मी वाचून दाखवलं. बायका खूश. आत्याबाईंनी पहिला अंगठा उठवला, म्हणाल्या, "इंग्रजी ऐकायला बरं आसतंय. पानी पिल्यावानी वाटतंय."

ह्यांनी दुकानातून कागद घेऊन नजर टाकली. पण तेवढ्यात एक गिऱ्हाईक पाव किलो शेंगदाणे मागत आलं, आणि ह्यांनी "झकास" म्हणून कागद परत दिला. पुढं आयुष्यभर मी त्यांना त्या शेंगदाण्यांची आठवण करून दिली.

अर्ज गेला. चौथा दिवस आला, टँकर आला नाही. आठवा आला, नाही. आम्हाला वाटलं, आता गल्लीत वळवायचाय म्हणून रस्ता बघत असतील. मग एक दिवस जीपमधून एक माणूस उतरला, हातात आमचा अर्ज.

"हा अर्ज कुणी लिहिला?"

मी पदर सावरून पुढं झाले. बक्षीसच मिळणार असल्यासारखी.

"बाई, नोकरीत एवढी वर्षं झाली. लोक पाणी न्हाई म्हणून अर्ज करतात. पाणी लई हाय म्हणून कळवणारी पहिली गल्ली बघतोय. साहेब लई खूश हायत. ह्या बघा, त्यांनी शेरा मारलाय."

शेरा असा होता: अर्जदार महिलांनी पाणी मुबलक असल्याचे कळवले आहे. सबब टँकर गरजू वस्तीकडे वळवावा.

जीप गेली. मग समोरच्या घरातली म्हातारी म्हणाली, "इंग्रजी शिकली अन् गल्ली बुडवली."

"बुडवायला तरी पानी लागतंय की," तिची सून म्हणाली.

हसू आलं खरं सगळ्यांना. पण अक्षय्य तृतीयेला दहा-बारा दिवस राहिले होते. मी आत गेले तर आत्याबाई बाजेजवळ खाली बसल्या होत्या, एक हात सुतळीवर ठेवून. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्या लातूरला जाते मी," मी म्हणलं.

"मी बी येनार. लेक माजी हाय."

हे आले नाहीत. म्हणाले, "दुकान कोण बघणार? आन चूक ए पासून ओ पर्यंत तुझी हाय."

सकाळच्या एष्टीत खिडकीपाशी आत्याबाई, शेजारी मी. चाकूर येईपर्यंत मी त्यांना समजावत होते. तिथं तुम्ही बोलू नका, मी बोलते. त्या मान हलवत होत्या. आत्याबाईंची मान हलली म्हणजे त्यांनी ऐकलं असं नसतं, एवढं तोवर मला कळायला हवं होतं.

कचेरी नवीनच थाटलेली. टेबलं नवी, फायली जुन्या, पाट्या इतक्या ताज्या की एका पाटीला आत्याबाईंचा पदर लागला आणि त्यावर अर्धं 'पुरवठा' उमटलं. दुपारपर्यंत बाकावर बसलो. मग आत बोलावलं.

साहेब तरुण होता, बारीक चष्मा, आणि मराठी पुस्तकातून शिकलेला, त्यामुळं आमच्यापेक्षा चांगलं बोलत होता. "बसा, माताजी," म्हणाला. अर्ज पुढ्यात घेतला. "आपण लिहिलेत की पाणी विपुल आहे. मला फार आनंद झाला होता. मग आता तक्रार काय?"

बारा वर्षं जे घरात रोज बोलतो ते परक्या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे आपली कोठी उघडून दाखवल्यासारखं वाटतं. "साहेब, ते उदंड म्हणजे..." एवढंच बोलले.

साहेबानं आत्याबाईंकडं बघितलं. "अम्मा, तुम्हीच सांगा. तुमच्या गल्लीत पाणी आहे की नाही?"

मी डोळे मिटून घेतले.

"उदंड हाय बाबा," आत्याबाई म्हणाल्या. "गल्लीत उदंड, आडात उदंड. रांजनात तर दोन म्हैने झाले, उदंडच हाय."

साहेबानं अर्जाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग मी काय करावे?"

"टँकर पाठीव."

"पाणी उदंड असताना?"

"उदंड हाय म्हनूनच की!"

साहेब हताश झाला. पण माणूस भला. म्हाताऱ्या बाईला ऊन लागलं असेल असं समजला बहुतेक. घंटी वाजवली. शिपाई आला, आमच्याच भागातला, पन्नाशीचा. "अम्मांना पाणी आणा."

शिपाई हललाच नाही. "साहेब, पाणी वाढलंय."

"वाढले आहे? मग आणा ना."

"साहेब, वाढलंय म्हणूनच आणता येईना." आणि त्यानं कोपऱ्यातला माठ तिरका करून दाखवला. माठातून एक मुंगळा तेवढा बाहेर आला.

साहेबानं माठाकडं बघितलं, मग आत्याबाईंकडं, मग पुन्हा अर्जाकडं. मग चष्मा काढला आणि हसायला लागला. चांगला टेबलावर हात आपटून हसला.

"माझी आई," तो म्हणाला, "गावाकडे तांदूळ संपले की म्हणते, बिय्यम् निंडुकुन्नायि. तांदूळ भरून आले. लहानपणी मी डब्यात हात घालून पाहायचो. डबा रिकामा!"

इस्लापूरच्या बाजारात तेलुगू बोलणारे व्यापारी यायचे, त्यामुळं 'निंडु' म्हणजे भरलेलं एवढं मला कळत होतं. लहानपणी मीही त्यांच्या तोंडून ते ऐकलं होतं आणि मला वाटायचं, ह्यांचं सगळं भरलेलं असून हे विकत का नाहीत. मी आत्याबाईंना सांगितलं, साहेबाची आईपण तुमच्यासारखीच आहे. त्यांनी साहेबाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "मग आईनं हुशार केलंय की लेकराला," म्हणाल्या.

"पण अम्मा, मला कळले तरी उपयोग नाही. फाईलला आई नसते. तिला लिहूनच द्यावे लागते." साहेबानं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि मला एक शब्द सांगितला, 'स्केअर्स'. म्हणजे दुर्मिळ, टंचाईचा. मी तो लिहिला. मनात म्हणलं, तुला मी ओळखते बाबा. तू कुणाच्या तरी घरी मोहरी घेऊन गेलास.

अर्ज झाला. पहिला अंगठा आत्याबाईंचा पाहिजे, कारण आधीच्या अर्जावरही पहिला त्यांचाच होता. शिपायानं शाईची डबी पुढं केली. आत्याबाईंनी हात मागं घेतला.

"काय लिव्हलंय ह्यात?"

मला खोटं बोलता आलं असतं. "पाणी नाही असं लिहिलंय," मी हळूच म्हणलं.

त्या बराच वेळ कागदाकडं बघत राहिल्या. मला बाज दिसत होती, त्यांनाही दिसत असणार. साहेब थांबला. त्यानं घाई केली नाही, हे मी आजवर विसरले नाही.

"इंग्रजीतच हाय ना?" आत्याबाईंनी विचारलं.

"इंग्रजीतच."

"मग घराला कळनार न्हाई," म्हणाल्या आणि अंगठा उठवला.

बाहेर आल्यावर मी म्हणलं, "आत्याबाई, आत्ताच तुम्ही 'न्हाई' म्हणलात." तर म्हणे, "लातुरात म्हनलं. घरात न्हाई."

तिसऱ्या दिवशी टँकर आला. चौकात न थांबता आमच्या गल्लीत शिरला. गल्लीतला रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारी वाट. टँकर डुचमळला की वरच्या झाकणातून पाणी लाटेसारखं उसळायचं अन् रस्त्यावर सांडायचं, आणि बायका दोन्हीकडून ओरडायच्या, "हळू रं! सांडून राहिलं! अरं सांडून राहिलं की!" म्हातारी तर टँकरच्या बरोबरीनं घागर धरून चालत होती, जे उसळेल ते झेलायला.

पुष्कळ वर्षांनी आमच्या शेजारी कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई राहायला आल्या. त्यांच्याकडं पूर्ण डिक्शनरी, झेडपर्यंत. मी त्यांना माझा अर्ज सांगितला तेव्हा त्या हसून हसून खाली बसल्या, आणि मग त्यांनी त्या शब्दाचं कूळ काढलं. लॅटिन म्हणून जुनी भाषा होती, तिच्यात 'उंडा' म्हणजे लाट. भांडं इतकं भरलं की लाटा काठावरून सांडायला लागल्या, ते अबंडंट. आणि तो उंडा आपल्या उदकाचा लांबचा भाऊबंद आहे म्हणे. मी विचारलं, मग आपलं उदंडही त्यातलंच का? तर म्हणाल्या, नाही, ते उद्दंडातलं, उगारलेल्या दंडुक्याचं. म्हणजे बघा, त्यांच्या शब्दात पाणी आणि आमच्या शब्दात काठी. मला टँकरच्या झाकणातून उसळणारं ते पाणी आठवलं. त्या दिवशी गल्लीत अबंडन्स अक्षरशः चालत आला होता, आणि आम्ही सगळ्या त्याला ओरडत होतो, सांडू नको म्हणून.

तर त्या टँकरच्या दिवशी रांजण भरला. आत्याबाईंनी लगेच मला कार्ड घेऊन बसवलं. "लिही व्याह्यास्नी. पाणी उदंड..."

माझा हात थांबला. "आत्याबाई, व्याह्यांच्या घरी पण आपल्यासारखंच बोलतात. उदंड वाचलं तर लेक तिकडंच ठेवतील."

मुबलक म्हणावं तर शोभत नव्हतं, एक दिवसाआडचा टँकर तो. वाढलं म्हणता येत नव्हतं. आयुष्यभर ज्या शब्दांनी घर सांभाळलं त्यातला एकही कामाचा नव्हता. शेवटी आत्याबाई रांजणाशी गेल्या, झाकण काढून आत बघितलं.

"लिही, पाणी आहे," म्हणाल्या. "तेवढंच लिही. जास्तीचं काही नको."

अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी नणंद आली. बाजेवर पहिली तीच बसली.

मुलगी झाली. पाचव्या दिवशी आत्याबाई आत न्हाणीत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालत होत्या, आणि मधेच पाणी सरलं. त्या दिवशी टँकरची पाळी नव्हती. आतून त्यांचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, "सूनबाई, पाणी उदंड झालंय गं!"

ह्या वेळी कुणी चूक केली नाही. मी उठायच्या आत समोरची म्हातारी कळशी घेऊन दारात. तिच्या मागं तिची सून, मग पलीकडची, मग कोपऱ्यावरची. ज्याच्या त्याच्या रांजणातलं जपून ठेवलेलं पाणी. एकेक कळशी आत जात होती. हे दुकान सोडून दारात उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांना चेष्टा सुचत नव्हती.

पाचवी कळशी आत गेली तेव्हा आत्याबाई आतून ओरडल्या, "बास, बास! उदंड झालं आता!"

सहावी बाई कळशी डोक्यावर घेऊन उंबऱ्यातच थबकली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं बघितलं.

"आता कोणतं उदंड म्हणून राहिल्या गं?" तिनं विचारलं. "आत नेऊ का परत नेऊ?"